राजहंसगडावरून जेट पंख लावून उडता येईल काय?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नाव लिहीत नाही, घरच्यांनी वाचलं तर त्याची धडगत नाही. तो लिहितो: "काका, तो स्विस माणूस पाठीवर पंख आणि चार जेट इंजिनं बांधून उडतो, त्याचे सगळे व्हिडिओ बघितलो. आम्ही चौघं मित्र आहोत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कास्टिंगपासून सीएनसीपर्यंत काय होत नाही? इंजिन इथंच करायचं, पंख कार्बन फायबरचा करायचा आणि राजहंसगडावरून उडी टाकायची. होईल काय? निदान खाली माळावर उतरता तरी येईल काय?"

उडी टाकलास तर उतरशील की, त्यात शंकाच नाही. कसा उतरशील एवढाच प्रश्न आहे, आणि तू तो सगळ्यात शेवटी, 'निदान' लावून विचारलायस. इंजिन पहिलं, पंख दुसरा, उतरणं शेवटी. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा कर. पॅराशूट पहिलं, पंख दुसरा, इंजिन तिसरं. का, ते सांगायला मात्र वेळ लागेल.

आधी एक कबुली. असा पंख बांधून मी स्वतः उडालेलो नाही. एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो. बेसिक ट्रेनिंग आपल्या सांबऱ्याला, इंजिनाच्या कामाचं शिक्षण तांबरमला, आणि मग बरीच वर्षं आग्र्याला एएन-३२ मालवाहू विमानांच्या इंजिनांखाली गेली. तिथं हौस म्हणून पॅराशूटच्या पाच जंप मारल्या. निवृत्त होऊन आल्यावर उद्यमबागेत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन घेऊन बसलो, आणि गेली पंधरा वर्षं छोट्या टर्बाइनवर, म्हणजे छोट्या जेट इंजिनावर, चालणारी मॉडेल विमानं उडवतोय. म्हणजे पॅराशूट, पंख, इंजिन या तिन्हींना हात लागलाय, पण वेगवेगळा. तिन्ही एकत्र बांधून उडणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकीच.

त्यातला पहिला म्हणजे तुझा तो स्विस माणूस, ईव्ह रॉसी. व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. हा माणूस आधी स्विस हवाई दलात मिराजसारखी लढाऊ विमानं चालवायचा, नंतर प्रवासी विमानांचा पायलट झाला, आणि स्कायडायव्हिंग त्याने पंख बांधण्याआधीच मुरवलेलं होतं. पंखाचे प्रयोग त्याने कित्येक वर्षं केले. सुरुवातीचा पंख नुसता हवा भरायचा होता. इंजिनं त्यानंतर आली. चार इंजिनं लावून तो नीट उडाला २००६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बे गावाजवळ, तेही सहा मिनिटांच्या आत. २६ सप्टेंबर २००८ ला त्याने फ्रान्समधल्या कॅलेहून इंग्लंडमधल्या डोव्हरपर्यंतची सुमारे ३५ किलोमीटरची खाडी दहा मिनिटांच्या आत ओलांडली. तेव्हा जगभर नाव झालं. पण बघ, तो जमिनीवरून उडाला नाही. विमानातून सुमारे अडीच हजार मीटरवर गेला, विमानातच इंजिनं चालू केली आणि मग उडी टाकली. डोव्हरला उतरला तो पॅराशूटने. पुढच्याच वर्षी त्याने आफ्रिका ते स्पेन अशी जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडायचा प्रयत्न केला. वाटेत ढग आणि खवळलेली हवा लागली, आणि तो पॅराशूट उघडून समुद्रात पडला. हेलिकॉप्टरने उचललं. माणूस जिवंत राहिला, कारण त्याच्या सगळ्या यंत्रात पॅराशूट हा पहिला भाग होता आणि ते उघडायला पुरेल एवढी उंची त्याच्या पायाखाली होती.

आता वही घे.

तू ७० किलोचा धरू. रॉसीचा पंख चार इंजिनं आणि इंधनासकट साधारण ५५ किलोचा होता. पॅराशूट, हेल्मेट, आगीला दाद न देणारा सूट हे सगळं धरून एकूण दीडशे किलो पकड. पंखाची लांबी दोन-अडीच मीटर. क्षेत्रफळ हिशेबापुरतं दीड चौरस मीटर घेऊ, म्हणजे घराच्या दारापेक्षाही लहान. एवढ्याशा पंखाने दीडशे किलो तोलायचं तर वेग हवाच. ताशी २०० किलोमीटरला तो ते आरामात करतो. वेग कमी करत आणलास की पंख जास्त जास्त तिरका धरावा लागतो, आणि एका मर्यादेनंतर हवा पंखाच्या पाठीवरून सुटते. त्यालाच स्टॉल म्हणतात. मी मांडलेल्या आकड्यांनी ही मर्यादा ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे पायावर उतरायचं तर १४५ च्या वेगाने येळ्ळूरच्या माळावर धावत यावं लागेल. निपाणीकडे सुटलेल्या गाडीच्या टपावरून उडी टाकून उभं राहून बघ म्हणजे कळेल. विमानाला चाकं असतात, लांब धावपट्टी असते. तुझ्याकडे दोन पाय आहेत आणि त्यात गुडघा नावाची फार नाजूक वस्तू आहे.

चढायचा हिशेबही तसाच. रॉसीची चार इंजिनं मिळून सुमारे ८८ किलोचा रेटा द्यायची, प्रत्येकी २२ च्या आसपास. वजन दीडशे. ८८ किलोने दीडशे किलो सरळ वर उचलता येत नाही, पण पंखाने ते जमतं, कारण वजन पंख तोलतो आणि इंजिनाला फक्त हवेचा विरोध मोडायचा असतो. उरलेला रेटा चढायला वापरता येतो. म्हणूनच रॉसी हवेत वर चढायचा, गिरक्या घ्यायचा, फुग्याभोवती लूप मारायचा. पण सुरुवातीचा वेग त्याला उडीतूनच मिळवावा लागायचा.

आता राजहंसगड. आपला गड सुंदर आहे, मीही लहानपणी तिथं पतंग उडवलेत. पण त्याला सरळ तुटलेला खोल कडा नाही, उतार आहे. वरपर्यंत रस्ता जातो, मोटरसायकली जातात. उडी टाकल्यावर पंखाला हवा पकडायला निदान १४५ चा वेग हवा, आणि खाली जाणारी वाट वळवून आडवी करायची तर त्याहूनही बराच जास्त. मी हिशेब केला. २०० च्या वर वेग येईपर्यंतचं पडणं आणि मग सरळ होताना लागणारं वळण, दोन्ही मिळून चार-पाचशे मीटर मोकळी, उभी हवा लागते. पंख नीट बसला, हात चुकला नाही आणि वाऱ्याने दगा दिला नाही तर. राजहंसगडावर दहा-वीस मीटर गेल्यावर तुला करवंदीची जाळी भेटेल.

व्हिडिओत जमिनीवरून सरळ उभे उडणारे दिसतात, ते कोण, असं तू विचारशीलच. ती जात वेगळी. तिथं पंख नाही, नुसता रेटा. अमेरिकेत बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट १९६१ मध्ये पहिल्यांदा मोकळा उडाला, १३ सेकंद, ३४ मीटर. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ नळ्यांतून सोडायची आणि माणूस वर. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात तोच प्रकार जगाने टीव्हीवर बघितला. वीस-एकवीस सेकंदांत टाकी रिकामी, त्यामुळे तो खेळच राहिला. हल्ली इंग्लंडचा रिचर्ड ब्राउनिंग दोन्ही हातांवर छोटी टर्बाइनं आणि पाठीवर एक घेऊन उडतो. २०१९ मध्ये त्याने ताशी १३६ किलोमीटरच्या वर वेग गाठला. त्याचा सूट २०१८ मध्ये लंडनच्या एका मोठ्या दुकानात ३,४०,००० पौंडांना ठेवला होता. फ्रेंच फ्रँकी झपाटा (आडनाव ऐकून आपल्याला हसू येतं, पण गडी खरंच झपाट्याचा) पायाखाली पाट घेऊन उभा उडतो. ४ ऑगस्ट २०१९ ला त्यानेही इंग्लिश खाडी ओलांडली, २२ मिनिटांत, मध्येच बोटीवर उतरून इंधन भरून. दहा दिवसांपूर्वीचा पहिला प्रयत्न याच इंधन भरण्यात फसून तो पाण्यात पडला होता. आपल्या लष्करानेही २०२३ च्या सुरुवातीला ४८ जेट सूटसाठी निविदा काढली, आणि त्याच वर्षी बेंगळुरूच्या एअरो इंडियात इथल्याच एका कंपनीने आपला जेटपॅक मांडला होता. म्हणजे हे खूळ नाही. पण या सगळ्यांचा रेटा वजनापेक्षा जास्त असतो आणि इंधन भराभर संपतं. पंखाच्या वाटेचा फायदा हाच की कमी इंधनात लांब जाता येतं.

लांब म्हणजे किती? चार इंजिनं पूर्ण रेट्यावर मिनिटाला मिळून तीन लिटरच्या आसपास केरोसिन पितात. तीस लिटर घेतलंस तर दहा मिनिटं. २०० च्या वेगाने दहा मिनिटांत ३३ किलोमीटर. बेळगावच्या डोक्यावर विमानातून सुटलास तर खानापूर गाठशील, निपाणी नाही. खानापूरला बस जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी तुला घाई करू देणार नाही. जमिनीपासून थोड्या उंचीचा एक पट्टा आहे. अगदी खाली, दोन-तीन मीटरवर, पडलास तर पाय मोडेल, जगशील. पुष्कळ वर, हजार मीटरवर, काहीही बिघडलं तरी पंख सोडून पॅराशूट उघडायला वेळ मिळतो. या दोन्हींच्या मध्ये जी उंची आहे ती पडून जगायला जास्त, आणि पॅराशूट उघडायला कमी. आग्र्याला आम्ही साधारण १,२५० फुटांवरून जंप मारायचो. स्टॅटिक लाइन होती, म्हणजे विमानाला बांधलेली दोरीच पॅराशूट ओढून काढायची. तरी 'एक हजार, दो हजार, तीन हजार' असं मोजत असताना पोटात जो खड्डा पडायचा तो अजून आठवतो. तीन-चार सेकंद. तेवढ्यात माणूस दगडासारखा किती खाली जातो ते तू बारावीच्या सूत्राने काढ. आणि आम्ही सरळ, स्थिर पडत होतो. पाठीवर ५५ किलोचा पंख घेऊन गरगर फिरत असलास तर आधी पंख सुटला पाहिजे, मग दोऱ्या न गुंतता कापड भरलं पाहिजे.

या पट्ट्याला भलेभले घाबरतात. व्हिन्स रेफे हा फ्रेंच गडी फ्रीफ्लाइंगचा, म्हणजे पडता पडता हवेत कसरती करण्याच्या खेळाचा, विश्वविजेता. रॉसीबरोबर २०१५ मध्ये तो दुबईवर ए-३८० विमानाच्या शेजारून उडाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने जी गोष्ट केली ती रॉसीलाही जमली नव्हती. जास्त ताकदीच्या इंजिनांवर तो जमिनीवरून उभा उठला, थोडा वेळ तरंगला, मग पंखावर आडवा झाला आणि १,८०० मीटरपर्यंत चढला. उतरला मात्र पॅराशूटनेच. १७ नोव्हेंबर २०२० ला दुबईतच सरावात तो गेला. ३६ वर्षांचा होता. त्याच्यामागे अख्खी टीम होती, अनुभव होता, पैसा होता. तुम्ही चौघं आहात.

इंजिनाकडे वळतो. खरं तर मला बोलायला यातच मजा येते, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं.

ही छोटी टर्बाइनं दिसायला साधी. पुढे हवा दाबणाऱ्या कंप्रेसरचं चाक, मध्ये नळकांड्यासारखी जळण्याची जागा, मागे टर्बाइनचं चाक, आणि दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. रॉसीने वापरली तशी जर्मन बनावटीची इंजिनं अडीच किलो वजनाची असतात आणि २२-२३ किलोचा रेटा देतात. पण फेरे बघ. मिनिटाला एक लाखाच्या वर. तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमधला लेथ दोन हजारावर चालवला तर मास्तर ओरडतात.

सात सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला १,१२,००० फेऱ्यांनी फिरतंय असं धर. त्याची कड सेकंदाला ४१० मीटर धावते, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने. त्या कडेवर एक ग्रॅमचा तुकडा असेल तर तो जवळजवळ ४९० किलोच्या ओढीने बाहेर पडायला बघतो. एक ग्रॅम म्हणजे जोंधळ्याचे तीस-चाळीस दाणे. बॅलन्सिंगमध्ये एक शतांश ग्रॅमची चूक राहिली तरी बेअरिंगला पाच किलोचा हातोडा सेकंदाला अठराशे वेळा बसतो. म्हणून या बेअरिंगचे गोळे सिरॅमिकचे असतात आणि त्यांना वंगण वेगळं नसतं. इंधनातच पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात आणि त्यातलं थोडं बेअरिंगवरून वाहत जातं. तेल मिसळायला विसरलास तर इंजिन काही मिनिटांचं पाहुणं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही तिघांनी ट्रकच्या जुन्या टर्बोचार्जरपासून जेट इंजिन करायचा घाट घातला. पी. बी. रोडच्या भंगारातून टर्बो आणला. जळण्याची जागा स्टेनलेसची, घरी पत्रा वळवून केली. आमचा अनगोळचा टर्नर शाफ्टकडे बघून म्हणाला, "लाख फेरे म्हणतासा, मग बेअरिंग ऱ्हातंय कुठलं?" मच्छेच्या फाउंड्रीतला मोल्डर तर फक्त मान हलवून म्हणाला, "आगंगिल्ल री." म्हणजे कानडीत, होणार नाही हो. मी एअरफोर्सचा माणूस, मला वाटलं ह्यांना काय कळतंय. ब्लोअरने हवा दिली, स्वयंपाकाच्या गॅसने पेटवलं. चाक पुरेसं फिरायच्या आतच मी गॅस जास्त सोडला. हवा कमी आणि आग जास्त झाली की ज्वाळा मागच्या चाकावर येते. इंजिनाच्या भाषेत याला हॉट स्टार्ट म्हणतात, आणि ते करू नये हे मी वीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. चाळीस सेकंदांत मागचं चाक नारिंगी झालं, शिट्टीचा आवाज चढत गेला, बेअरिंग जाम झालं आणि चाकाचं एक पातं निघून शेडच्या पत्र्यातून बाहेर गेलं. कोणाला लागलं नाही. पत्र्याला पडलेलं भोक मी मुद्दाम बुजवलं नाही. पावसात तिथून धार लागते, खाली बादली ठेवतो.

त्या दिवशी त्या पात्याच्या वाटेत पत्रा होता. पाठीवरच्या इंजिनाच्या वाटेत तुझी कंबर असेल.

बेळगावच्या फाउंड्र्यांबद्दल तुझा अभिमान बरोबर आहे. ट्रॅक्टरपासून पंपापर्यंत आपण ओततो. पण ते ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडच. टर्बाइनचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. सातशे अंश तापून, एवढी ओढ सहन करून, लांबता कामा नये. ते मेणाचा साचा करून, निर्वातात ओततात. वेगळी विद्या आहे. कंप्रेसरचं अॅल्युमिनियमचं चाक मात्र पाच अक्षांच्या मशीनवर आपल्याकडे सुरेख निघेल. हत्तरगीच्या कारखान्यांतून विमानांचे सुटे भाग जातात ते काय आकाशातून पडतात? आणि अगदीच निराश होऊ नकोस म्हणून सांगतो, कुर्ट श्रेकलिंग नावाच्या जर्मन हौशी माणसाने ऐंशीच्या दशकात घरी चालणारं छोटं जेट केलं, तेव्हा त्याच्या कंप्रेसरचं चाक प्लायवुडचं होतं, वर कार्बनचे धागे गुंडाळलेले. आजच्या बऱ्याच छोट्या टर्बाइनांचं मूळ तिथपर्यंत जातं. पण ते त्याने टेबलावर चालवलं. पाठीवर नाही.

आणखी एक, जे बाहेरचे लोक विसरतात. आपण समुद्रसपाटीवर नाही. सांबऱ्याचा विमानतळ सुमारे ७५८ मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ ला गेला की इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेच्या ८५ टक्केच दाट असते. इंजिन हवा खातं. हवा विरळ तर रेटाही त्याच प्रमाणात कमी, ८८ चे ७५ किलो. पंखाचंही तसंच. वर मी १४५ म्हटलं तो आपल्या उन्हाळ्यातल्या हवेचा आकडा आहे, मुंबईच्या चौपाटीवर थंडीत तो १३० च्या जवळ येईल. माझ्या मॉडेल विमानांना हा फरक स्पष्ट कळतो. जानेवारीच्या सकाळी अर्ध्या धावपट्टीत उठणारं विमान मेमध्ये कुंपण बघून येतं. आणि जून ते सप्टेंबर तर विषयच नाही. आंबोलीकडून ढग उतरले की बेळगावात समोरचा माणूस दिसत नाही.

चौपाटीवरून आठवलं. तू पत्राच्या शेवटी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव घेतलंयस, १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं म्हणून. आपल्या प्रत्येक घरात हे ऐकायला मिळतं, माझे वडीलही सांगायचे. ते विमान उडालं याचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाशी ते जोडलं जातं, त्यातल्या विमानांची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केली आणि ती उडू शकत नाहीत असं लिहिलं. तळपद्यांची हौस खरी असेल, मी तिला नमस्कार करतो. पण तुझा पंख वजनाने आणि वेगाने उडायचाय, अभिमानाने नाही.

परवानगीचं थोडक्यात. सांबऱ्याला प्रवासी विमानंही येतात आणि एअरफोर्सचं स्टेशनही आहे. शहरात मराठा रेजिमेंटचं सेंटर, कमांडो ट्रेनिंग, छावणी. ड्रोनच्या नकाशावर विमानतळाचा भाग लाल दिसतो, आणि तू तर माणूस उडवणार. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं, आणि विमानतळाच्या कंट्रोलला न विचारता वर गेलास तर खाली पोलीस उभे असतील, आणि त्यांची चूक नसेल.

मग करायचं काय? तुमच्या चौघांत एकाला उडायचंय आणि तिघांना बनवायचंय, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. बहुतेक टोळ्यांत तसंच असतं. ज्याला उडायचंय त्याने इंजिनाला हात लावू नये. आधी लोणावळ्याजवळ कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकावं, वारा अंगाला कळू दे. मग स्कायडायव्हिंगचा रीतसर कोर्स. अंगाला कापडाचे पंख लावून उडायचा विंगसूट घालण्याआधी अमेरिकेची पॅराशूट संघटना निदान २०० जंप झालेल्या असाव्यात असं सांगते, आणि त्यात इंजिन नसतं, कडक पंखही नसतो. भारतात २०० जंप म्हणजे काही वर्षं आणि बराच पैसा. मनाला लागेल हे, पण रॉसीची वाट हीच होती.

बाकी तिघांनी पंख करावा, इंजिनाशिवाय. आधी चौथ्या हिश्शाच्या मापाचा, रेडिओवर उडणारा. मग पूर्ण मापाचा, त्याखाली ७० किलोच्या वाळूच्या पोत्याचा माणूस, आणि पोत्याच्या पाठीवर आपोआप उघडणारं पॅराशूट. रॉसीच्या पंखाला सुकाणू नव्हतं, शेपूट नव्हती. तो खांदा, मान, हात वळवून वळायचा, लहान पोरं अंगणात हात पसरून विमान होतात तसा. पोत्याला हे जमणार नाही, म्हणून तुमचा पंख आपोआप स्थिर राहायला हवा, आणि तिथंच तुमचं खरं इंजिनिअरिंग आहे. एक बाजू आधी स्टॉल झाली तर काय होतं, एका बाजूची इंजिनं बंद पडली तर पंख किती वळतो, पंख सोडायची कडी वजनाखाली सुटते की अडकते. ही शेवटची गोष्ट शंभर वेळा जमिनीवर करून बघा, पोतं उलटं टांगून, फिरतं ठेवून, थंड बोटांनी, हातमोजे घालून. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एवढा विषय पुरून उरेल, आणि कोणी मरणार नाही.

इंजिन हवंच असेल तर एकच छोटं, तयार, विकत घ्या. लाखांत जाईल, पण चौघांत वाटून आणि कॉलेजने हात लावला तर जमेल. ते जाड लोखंडी जाळीच्या आत, ट्रॉलीवर बांधून चालवा. रेटा मोजा, मागच्या हवेचं तापमान मोजा, थ्रॉटल दिल्यावर खालून पूर्ण फेऱ्यांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीन-चार लागतील. जमिनीजवळ मदत मागितल्यावर ती इतकी उशिरा येणार आहे, हे त्या आकड्यावरून उडणाऱ्या मित्राला दाखवा. शेजारी ऊस किंवा वाळलं गवत नको. माझं एक मॉडेल सुळग्याजवळ गवतात पडलं तेव्हा आम्ही पाच जणांनी शर्ट काढून आग विझवली.

येत्या रविवारी सकाळी दहाला शेडवर ये, मित्रांनाही आण. तो टर्बो अजून ठेवलाय, मागचं चाक आणि पत्र्याचं भोक दोन्ही दाखवतो. नंतर चालू टर्बाइन ऐकवतो. कानात घालायला बोळे माझ्याकडे आहेत. अंगात सुती शर्ट घालून ये, नायलॉनचा नको. आणि घरी सांगून ये.